वरांची रांग, वधूंची रांग

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या लग्नात. लग्न झालं नाही. त्याला कारण सर नव्हते, पण माझं नाव लाऊडस्पीकरवरून एका भलत्याच मुलाबरोबर पुकारलं ते त्यांनीच, त्यामुळं आमच्या भावकीत बरीच वर्षं दोष त्यांच्याकडंच जात राहिला. सरांनी तो कधी नाकारला नाही. उलट कुणी विषय काढला की कागद मागवून घेत आणि नेमकं काय चुकलं ते समजावून सांगायला बसत. एकदा ऐकलेला माणूस पुन्हा विषय काढत नसे.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागं, एका पशुखाद्याच्या दुकानावर त्यांचा क्लास होता. जिना चढताना पेंडीचा वास यायचा आणि वर गेल्यावरही सुटायचा नाही. पाटीवर मुळात फक्त ‘टायपिंग’ होतं; पुढं वेगळ्या रंगात ‘व कॉम्प्युटर’ वाढवलेलं. सर मूळचे टायपिंगचेच. नव्वदीच्या मध्यावर टायपिंगला मुलं येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी अर्धी मशीनं विकून कॉम्प्युटर आणले आणि सी प्लस प्लसचं एक जाडजूड पुस्तक एका उन्हाळ्यात एकट्यानं वाचून काढलं. पुस्तकाच्या लेखकानं जिथं जिथं विनोद केला होता तिथं समासात पेन्सिलीनं ‘अनावश्यक’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे.

टायपिंगच्या काही गोष्टी मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. बोटांकडं बघून लिहायचं नाही, म्हणून प्रत्येकाच्या हातांवर एक पंचा टाकलेला असे. टाइपरायटरवर चुकलेलं अक्षर मागं जाऊन पुसता येत नाही, म्हणून त्यांनी सगळ्या कीबोर्डांची बॅकस्पेसची बटणं स्क्रू ड्रायव्हरनं उपटली आणि बामच्या रिकाम्या डबीत ठेवून दिली. मुलं मग डिलीटचं बटण वापरायला लागली. सरांच्या ते ध्यानात आलं तेव्हा तीही डबीत गेली. चुकलं तर पहिल्यापासून लिहायचं, असा नियम होता. एका मुलानं विचारलं की मग कॉम्प्युटरचा फायदा काय. सर म्हणाले, कागद वाचतो.

लहानमोठ्या सगळ्यांना ते अहो-जाहो करत. रस्त्यानं चालताना त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर सतत हलत असायची. मनात जे चाललं असेल ते ती टाइप करत. एकच हात दिसत असल्यामुळं अर्धीच अक्षरं कळायची. आम्ही मुली मागं चालून ती वाचायचा प्रयत्न करायचो, पण काही अर्थ लागला नाही.

तर लग्न. इंदापूरला बाजाराच्या मैदानावर सामुदायिक विवाह होते. समितीच्या अध्यक्षांना नव्या गोष्टींची हौस होती. त्यांनी त्या वर्षी कमानीवर ‘संगणकीकृत विवाह सोहळा’ असं लिहून घेतलं आणि मग संगणक कुणाकडं आहे याची चौकशी केली. ती चौकशी सरांपाशी येऊन थांबली. जोड्यांची यादी प्रोग्रॅमनं छापायची, तिच्या क्रमानं नावं पुकारायची, असं ठरलं. सरांचा प्रिंटर मराठी छापत नव्हता. यादी आली ती इंग्रजी अक्षरांत, आणि तिच्यातली आमची आडनावं सरांशिवाय कुणाला धड वाचता येईनात, म्हणून माइकही त्यांच्याच हातात आला.

समितीनं सरांना दोन याद्या दिल्या होत्या, एक मुलांची आणि एक मुलींची. क्रम सारखा होता. मुलांच्या यादीत ज्या जागी मुलगा, मुलींच्या यादीत त्याच जागी त्याची नवरी. सरांनी त्यांचे दोन अ‍ॅरे केले. अ‍ॅरे म्हणजे एका नावाखाली ओळीनं मांडलेल्या जागा, रेशनच्या दुकानापुढच्या रांगेसारख्या, फक्त ढकलाढकली नाही. एक रांग वरांची, एक वधूंची. दोन्ही रांगांत एकाच क्रमांकावर जे असतील त्यांची जोडी छापायची, एवढं प्रोग्रॅमचं काम. आदल्या दिवशी समितीतून फोन आला की डाळजचा मुलगा रद्द झाला, त्याला काढा. सरांनी काढला. त्याच्या मागचे सगळे मुलगे एकेक घर पुढं सरकले. मुलींपैकी कुणाला काढा असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या जागच्या जागी राहिल्या.

डाळजच्या त्या मुलाची नवरी मी.

आमच्या घरी कुणी कळवलं नाही. समितीला वाटलं मुलाकडचे कळवतील. मुलाकडच्यांना काय वाटलं ते अजून माहीत नाही. आम्ही लासुर्ण्याहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाणी म्हणत आलो. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती आणि वडिलांपासून शेती. लेकीचं लग्न मोठ्या मांडवात होतंय याचा माझ्या वडिलांना, तात्यांना, अभिमान होता. त्यांनी नवा फेटा बांधला होता आणि तो सारखा चाचपून बघत होते.

सर नावं वाचायला लागले. टायपिंगची परीक्षा घेताना मजकूर सांगतात तसं वाचत होते, एका लयीत, प्रत्येक नावानंतर तेवढंच थांबून. पहिल्या जोड्या बरोबर लागल्या. मग माझं नाव आलं. ते ऐकताच आमच्या बायकांनी गलका केला आणि जोडीचं मुलाचं नाव त्यात बुडालं. मी पाटावर जाऊन उभी राहिले. नवरा मुलगा मी एकदाच पाहिला होता, पोह्यांच्या वेळी, तेही मान खाली घालून. मला फक्त त्याच्या चपला आठवत होत्या. समोर येऊन उभा राहिला त्याच्या पायात बूट होते. लग्नासाठी घेतले असतील असं मला वाटलं. तो सारखा मागं वळून बघत होता. तेही मी लाजण्यात धरलं.

माझ्यानंतरच्या मुलीसमोर तिच्या मागच्या मुलीचा नवरा येऊन उभा राहिला. पण ती मुलगी माझ्यासारखी नव्हती. तिनं मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाली, “ह्यो न्हाय.”

कुणीतरी तिला गप्प बसवायला गेलं. तिनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि माझ्याकडं बोट दाखवलं. “माजा नवरा मामाचा पोरगा हाय. तितं हुबा हाय, तिच्याम्होरं.”

मग गलका झाला. सर थांबले. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वर आले आणि माइकवर म्हणाले, “चूक माझी आहे. मशीनची नाही. सगळ्यांनी खाली बसून घ्यावं.” सगळे बसले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लोकांना कारण कळलं पाहिजे असं सरांना वाटलं, आणि त्यांनी त्या सबंध मांडवाला दोन अ‍ॅरे, त्यांचे क्रमांक आणि वरांची रांग एक घर कशी सरकली हे सांगायला सुरुवात केली. वाजंत्रीवालेसुद्धा ऐकत होते. अध्यक्षांनी शेवटी माइक काढून घेतला. आयांनी आपापल्या लेकी ओळखीच्या मुलांसमोर नेऊन उभ्या केल्या आणि कॉम्प्युटरला जे जमलं नाही ते थोड्या वेळात झालं. मंगलाष्टका म्हटल्या गेल्या. अक्षता पडल्या. माझ्यासमोरचा बूटवाला पलीकडच्या पाटावर गेला होता, आणि मी हार धरून उभी होते.

सर स्टेजवरून उतरून सरळ आमच्याकडं आले. येताना अध्यक्षांची खुर्ची घेऊन आले आणि मला बसायला दिली. तात्यांनी त्यांना विचारलं, पोरगं कुठं हाय. तेव्हा सरांना कळलं की आम्हाला काहीच ठाऊक नाही. त्यांनी हात जोडले नाहीत, घसाही खाकरला नाही. मुलगा रद्द झाल्याचा फोन काल आला, मी फक्त मुलाला काढलं, मुलीकडं कोण सांगणार हे विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, असं ओळीनं सांगितलं. तात्या फेट्याला हात लावून उभे राहिले.

तेवढ्यात अध्यक्ष आले. ते वाईट नव्हते. त्यांना कार्य पार पाडायचं होतं. त्यांनी तात्यांना बाजूला घेतलं, पण आवाज मोठा असल्यामुळं सगळं ऐकू येत होतं. जवळच्याच गावचा एक माणूस पंगतीला आला होता, बायको मागच्या साली वारलेली, जमीन बरी, स्वभाव बरा. मांडव हाय, भटजी हाय, माणसं हायत, पोरीला परत न्यायची कशाला. माझ्या चुलतीनं ते ऐकून माझ्या मुंडावळ्या पुन्हा नीट बांधायला घेतल्या. तो माणूस पंगतीतून उठून हात धुऊन आला होता आणि लांब उभा होता. मला कुणी काही विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. आपण बोलायचं असतं हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. तात्या जमिनीकडं बघत होते, आणि मला त्यांचं बघणं ओळखू येत होतं. ते हो म्हणणार होते.

सर म्हणाले, “यादी छापून झाली आहे.”

अध्यक्ष म्हणाले, “मग पेनानं लिवा की खाली.”

“पेनानं लिहिलेलं चालत नाही.”

“कुणाला चालत न्हाय?”

“मशीनला,” सर म्हणाले. “सोहळा संगणकीकृत आहे. कमानीवर तसं लिहिलं आहे.”

अध्यक्षांनी कमानीकडं पाहिलं. सर तात्यांकडं वळले. “तात्या, एखादी जागा रिकामी ठेवता येते,” ते म्हणाले. “ती आजच भरली पाहिजे असं नसतं.”

तात्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग मला म्हणाले, “चल, ट्रॉलीत बस.”

आम्ही ट्रॉलीजवळच जेवलो. सर आमच्याबरोबर जमिनीवर बसले. येणारे-जाणारे बघत होते. सरांनी बुंदी दोनदा घेतली.

काही दिवसांनी ते एसटीनं लासुर्ण्याला आले. उंबऱ्यात उभं राहूनच त्यांनी तात्यांना सांगितलं की तो प्रोग्रॅम पुन्हा लिहायचा आहे, आणि चूक काय झाली ते ज्याला नीट कळलंय असं माणूस हवं आहे. तुमच्या मुलीला ती कळली असणार. फी लागणार नाही. घरात त्या वेळी मला भेटायला येणाऱ्या बायका थांबत नव्हत्या. सांत्वनाला यायच्या आणि जाताना माझ्या आईला दबक्या आवाजात मुलात खोट होती का मुलीत ते विचारायच्या. तात्यांनी दुसऱ्या दिवसापासून मला बारामतीच्या गाडीत बसवलं.

क्लासमध्ये मला दाराजवळचं मशीन मिळालं. त्यावर खडूनं शून्य लिहिलं होतं. पुढच्यावर एक, त्याच्या पुढं दोन. मी घरी सहज सांगितलं आणि सकाळी तात्या माझ्याबरोबरच गाडीत चढले. जिना चढून गेले, टोपी काढली आणि सरांना विचारलं, “माज्या लेकीला सुन्न्याच्या जागंवर का बशिवलं? लगीन मोडलं म्हून?”

सरांना राग आला नाही. त्यांना प्रश्न आवडला. ते म्हणाले की हा क्रमांक मान मोजण्यासाठी नाही, सुरुवातीपासूनचं अंतर मोजण्यासाठी आहे. दारातून या मशीनपाशी यायला किती मशीनं ओलांडावी लागतात? तात्या दारापर्यंत गेले आणि परत आले. एकही न्हाय, म्हणाले. मग ते शून्य, सर म्हणाले. पुढच्याला एक ओलांडावं लागतं, म्हणून ते एक. अ‍ॅरे असाच मोजतात. तात्यांनी यावर विचार केला. दार आणि मशीन यांच्याकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, “म्हंजी दाराजवळ हाय. सुटल्यावर गाडी घावंल.” सरांनी तेही मान्य केलं. तात्या समाधानानं गेले. पुढं गावात ते सांगत की आमच्या मुलीला तिथं सगळ्यांच्या आधीचा नंबर आहे.

सरांनी शिकवलेलं मी पुढं बऱ्याच जणांना शिकवलं. आता माझं पोट त्याच्यावर चालतं. पण त्यांच्यासारखं मला जमलेलं नाही. वस्तूंकडं, म्हणजे ऑब्जेक्टकडं, बोट दाखवणाऱ्या पॉइंटरांचा अ‍ॅरे शिकवायचा होता तेव्हा त्यांनी एका ओळीत खुर्च्या मांडल्या. “अ‍ॅरे केला म्हणजे जागा झाल्या. माणसं झाली नाहीत. प्रत्येक जागी एकेक माणूस वेगळं आणून बसवावं लागतं,” म्हणाले, आणि आमच्यातल्या काहींना बसवलं. एक खुर्ची रिकामी ठेवली. मग पहिल्यापासून एकेकाला नाव विचारत गेले. रिकाम्या खुर्चीपाशी आले, किंचित वाकले आणि म्हणाले, “आपलं नाव?” आणि उत्तराची वाट बघत थांबले. आम्ही हसलो. ते थांबलेलेच. आमचं हसू संपलं, खालच्या दुकानात एक टेम्पो येऊन रिकामा झाला, तरी ते खुर्चीपुढं वाकून उभे होते. शेवटी एका मुलानं घाबरून विचारलं, सर, बरं वाटत नाही का. सर सरळ झाले. “प्रोग्रॅमचं असंच होतं,” म्हणाले. “आधी बघून घ्यायचं, तिथं कुणी आहे का. मग नाव विचारायचं.”

लग्नाचा प्रोग्रॅम मी लिहिला. दोन रांगा मोडून एकच रांग करायची हे सरांनी आधीच ठरवलं होतं. ‘जोडी’ नावाची एक वस्तू, तिच्या पोटात वरही आणि वधूही. रांग या जोड्यांची. म्हणजे काढायची तर अख्खी जोडी निघते, एकटा वर पुढं सरकूच शकत नाही. सर त्यावर खूश होते. मी त्यांना विचारलं की जोडी निघाली हे मुलीला कळणार कसं. सर म्हणाले, तो प्रोग्रॅमचा प्रश्न नाही. मग म्हणाले, “करा काहीतरी.”

सी प्लस प्लसमध्ये एखादी वस्तू नाहीशी होताना तिच्याकडून शेवटचं एक काम करून घेता येतं. मी जोडीला ते काम लावून दिलं. जाता जाता दोन चिठ्ठ्या छापायच्या, एक मुलाच्या घरची, एक मुलीच्या घरची, नाव-गाव घालून, ‘लग्न रद्द. घरी जाऊन कळवावे.’ चाचणीसाठी आम्ही खोट्या नावांची यादी भरली, एक जोडी काढली, आणि प्रिंटरनं दोन चिठ्ठ्या छापल्या. सरांनी त्या हातात घेऊन वाचल्या. मी प्रोग्रॅम बंद केला. प्रिंटर पुन्हा सुरू झाला आणि थांबेचना. प्रोग्रॅम संपला की त्यातल्या सगळ्याच वस्तू नाहीशा होतात हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं, आणि जाता जाता प्रत्येक जोडी आपापल्या दोन चिठ्ठ्या छापत होती. सर शेवटची चिठ्ठी येईपर्यंत प्रिंटरपाशी उभे राहिले. “सगळ्यांचीच मोडली,” म्हणाले, आणि खाली चहाला गेले. परत आले तेव्हा मी ते काम ‘रद्द’ असं मुद्दाम सांगितलं तरच होईल असं करून ठेवलं होतं. बॅकस्पेस नसल्यामुळं तेवढं पान पहिल्यापासून लिहावं लागलं.

पुढं विंडोज आलं आणि सरांचं जमेना. माउस ही लिहिणाऱ्या माणसाची वस्तू नाही असं त्यांचं मत होतं. बोट दाखवून काम सांगायचं तर दुकानात जावं, म्हणत. त्यांनी सगळे माउस टेबलाच्या खणात ठेवले आणि मुलं स्टँडच्या पलीकडं निघालेल्या दुसऱ्या क्लासला गेली. क्लास बंद झाला तेव्हा त्यांनी मला सी प्लस प्लसचं ते पुस्तक दिलं. माझं लग्न त्याच्या आधीच झालं होतं, आमच्या दारात, मी दोनदा भेटून आणि बोलून पसंत केलेल्या माणसाशी. सर आले होते. या वेळी माइक कुणाच्याच हातात नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते नरसिंहपूरचं.

माझं लग्न मोडलं त्याच्या दुसऱ्या वर्षी अध्यक्षांनी पुन्हा सरांनाच बोलावलं. कमान तीच होती आणि तिच्यावरचं खोडून काढायला रंगारी मिळत नव्हता. माघ सरत आला होता. आदल्या दिवशी सकाळी समितीचा फोन आला की एक मुलगी नाही म्हणतेय, घरच्यांनी समजावलं, ऐकत नाही, जोडी काढा. मी काढली. दोन चिठ्ठ्या आल्या. मुलीकडची चिठ्ठी न्यायची गरज नव्हती. मुलाकडची नदीकाठच्या नरसिंहपूरची होती. सरांनी ती वाचली. समितीचा माणूस फोनवर म्हणत होता की उद्या मांडवात आल्यावर सांगू, आज कोण जातंय नदीपर्यंत. सर म्हणाले, मी जातो. मग मला म्हणाले, तुम्ही बरोबर चला.

इंदापूरला गाडी बदलून आम्ही दुपारी नरसिंहपुरात उतरलो. सरांनी कुणाला पत्ता विचारला नाही. देवळाला वळसा घालून, घाटाकडं न जाता, ते मळ्याच्या वाटेला लागले आणि मी मागून चालत राहिले. तिथवर मला ठाऊक नव्हतं की त्यांना हे गाव माहीत आहे.

घरापुढं मांडव घातला होता. नवरा मुलगा हळद लावून बाजेवर बसला होता, चांगला थोराड, आणि एक लहान पोर त्याला वारा घालत होतं. दारात त्याची आई उभी होती, सरांच्याच वयाची. तिनं आम्हाला येताना पाहिलं. बाकीची माणसं बघत होती तसं ती बघत नव्हती. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा म्हणाली, “बसा.”

सर बसले नाहीत. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि उभ्यानं वाचली, माइकवर वाचत तशीच. मुलाचं नाव, मुलीचं नाव, लग्न रद्द. मुलानं ऐकलं आणि चेहरा पंच्यात घातला. त्याचे खांदे हलायला लागले. वारा घालणारं पोर थांबलं. सर त्याच्या शेजारी बाजेवर जाऊन बसले; त्यांच्या पांढऱ्या शर्टाला हळद लागली. उद्या मांडवात तुमचं नाव पुकारलं जाणार नाही, तेवढं मी बघितलं आहे, असं त्यांनी त्याला सांगितलं. मुलगा पंच्यातूनच काहीतरी म्हणाला. ते मला ऐकू आलं नाही.

आईनं मला आत बोलावलं, चहा करायचा म्हणून. चुलीपुढं बसून तिनं आधण ठेवलं. मी कोण, लेक का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, विद्यार्थिनी. मग सरांची बायको कुठली, असं विचारलं. मी म्हटलं, सरांनी लग्न केलेलं नाही. तिनं आधणात चहापत्ती टाकली.

“माजं ठरलं हुतं ह्येंच्याशी,” ती म्हणाली. “हितंच. देवळाम्होरं मांडव हुता. म्या हार घिऊन हुबी, आन ह्ये न्हाईत. कुणाला सांगितलं न्हाय, काय न्हाय. गाव सोडून गेलं.”

मग काय झालं, मी विचारलं.

“काय हुयाचं? लगीन लावलं की. आमचं मालक पंगतीत वाढत हुतं. त्यास्नी म्हनलं चला. बादली खाली ठिवली आन हुबं ऱ्हायलं.” तिनं दूध ओतलं. “माणूस वाईट न्हाय. पर मला कुणी इचारलं न्हाय. त्यास्नी बी न्हाय.”

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो. तोवर तिचे मालक मळ्यातून आले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला, सरांकडं बघितलं, आणि सरांना त्यांनी ओळखलं की नाही हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. येवढ्या लांबनं सांगाय आलात, आजकाल कोण येतंय, असं म्हणाले. सरांनी चहा घेतला. बशीत ओतला नाही, कपानं प्याले.

निघताना ती मांडवाच्या टोकापर्यंत आली. पदर डोक्यावर घेतला आणि सरांना म्हणाली, “ह्या टायमाला सांगाय आलात. बरं झालं.”

सर म्हणाले, “हो.”

तिच्या मालकांनी आम्हाला गाडीपर्यंत सोडलं. वाटेत बांधावरून उतरून हरभऱ्याचा ढाळा उपटला, मुळांची माती झटकली आणि पेंढी बांधून सरांच्या हातात दिली. गाडी आली. ते म्हणाले, पुन्यांदा या. सर खिडकीशी बसले, पेंढी मांडीवर घेऊन, आणि शर्टावरची हळद वाळून पिवळी दिसत होती. इंदापूर येईपर्यंत सरांनी एक घाटासुद्धा सोलला नाही. मी सगळा ढाळा खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.